कात्रीची धार

सुरी आणि कात्री यांना एकाच रीतीनें धार लावण्याचा प्रघात घरोघरीं आहे, आणि शिवणाच्या कितीतरी उत्तम कात्र्या त्यापायीं निकामी झाल्या आहेत. कात्रीचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे हा घोटाळा उलगडतो.

प्राचीन कात्री चिमट्यासारखी होती. एकच पट्टी मध्यें वाकवून तिच्या दोन्ही टोकांस पातीं केलेलीं. खिळ्याभोवतीं फिरणारी कात्री रोमन लोकांस ठाऊक होती. परंतु इंग्लंडांत शेफील्डच्या परिसरांत बेंजामिन हंट्समन यानें अठराव्या शतकाच्या मध्यास मुशींतील एकजिनसी पोलाद तयार केलें (आपल्या दक्षिणेंत असें पोलाद त्यापूर्वीं कित्येक शतकें होत असे, हें विसरतां कामा नये) आणि १७६१ च्या सुमारास रॉबर्ट हिंचक्लिफ यानें त्या पोलादाच्या कात्र्या घडविल्या, तेव्हां कोठें आजची कात्री अवतरली. आपल्याकडे मेरठची कात्री प्रसिद्ध आहे. तिला २०१३ सालीं भौगोलिक मानांकन लाभलें.

या कारागिरांची खुबी पात्याच्या आंतल्या बाजूस असते. ती किंचित् खोलगट असून पातेंही किंचित् बाकदार असतें. त्यामुळें मिटतांना दोन्ही पातीं एकाच बिंदूंत भेटतात, व तो बिंदु खिळ्यापासून टोंकाकडे सरकत जातो. सुरीप्रमाणें दोन्ही बाजू घासल्या कीं ही खोली नाहींशी होते. मग कापड कापलें न जातां पात्यांमध्यें दुमडतें.

म्हणून घासावयाचा तो बाहेरचा उतारच. १८९१ सालीं अमेरिकेंत एडवर्ड ॲचेसन यानें कार्बोरंडम शोधून काढलें. त्याचा दुहेरी दगड कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानांत मिळतो. उतारावर पक्क्या शाईचा हात फिरवावा, आणि खिळ्याकडून टोंकाकडे, मूळचा कोन राखून, आधीं भरड व मग मऊ बाजूवर पातें ओढावें. शाई सर्वत्र सारखी निघाली तर कोन बरोबर साधला. आंतल्या बाजूस धातूची बारीक कड उभी राहते. तिच्यापुरतें पातें सपाट ठेवून एकवार हलकेच ओढावें, अधिक नाहीं. कांचकागद कापून धार येते म्हणतात. त्यानें कड खरबरीत होऊन चार दिवस कापड पकडते, एवढेंच. घाईनें फिरविलेल्या कोरड्या चाकावर तर पातें तापून त्याचें पाणीच उतरतें. जुना शिकलगार पातें चाकाला निमिषभर टेंकवून उचलतो, तें उगीच नव्हे.

नागमोडी दातांच्या कात्रीस मात्र हा उपाय लागू नाहीं. ती जाणत्या कारागिराकडेच द्यावी.