उशिरां आलेला शब्द

बेलनें १८७६ सालीं तारेंतून वाणी नेली, तेव्हांपासून टेलिफोनवर बोलणाऱ्या दोघांसाठीं एक सबंध मार्ग राखून ठेवण्याचा प्रघात पडला. १९६९ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या आर्पानेट या संगणकजालानें निराळी रीत पत्करली : मजकुराचीं लहान लहान पॅकेटें करावीं आणि वाट मिळेल तशीं तीं धाडावीं. लिखित मजकुरास ही रीत मानवते. पत्र दोन क्षण उशिरां पोंचल्यानें त्याचा अर्थ बदलत नाहीं. वाणीचें तसें नव्हे.

१९७४ च्या डिसेंबरांत कॅलिफोर्नियांतील कलर-हॅरिसन कंपनी आणि मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळा यांच्यामध्यें या जालावरून प्रत्यक्ष संभाषण झालें. जालाच्या मार्गांतून सेकंदास ५०,००० बिट जात, आणि टेलिफोनच्या दर्जाच्या अंकरूप आवाजास ६४,००० लागत. म्हणून तो आवाज पिळून अवघ्या ३,५०० बिटांवर आणला होता. हें कौशल्य मोठेंच. पण खरी अडचण वेळेची होती. समान अंतरानें निघालेलीं पॅकेटें ऐकणाऱ्याकडे कधीं घोळक्यानें, तर कधीं रेंगाळत येत.

त्यावर उपाय योजणाऱ्यांत डॅनी कोहेन अग्रणी होते. उपाय दिसण्यांत साधा : आलेलें पॅकेट लगेच वाजवूं नये, थोडा सांठा होऊं द्यावा व मग एकसारख्या गतीनें वाजवावें. या सांठ्यास बफर म्हणतात. नळास पाणी वेळींअवेळीं येत असतां गच्चीवरील टाकीमुळें स्वयंपाकघरांतील तोटी अखंड चालते, तसाच हा प्रकार. मात्र टाकी मोठी केली कीं विलंबही वाढतो. गाणें ऐकणारा चार सेकंद थांबेल. संवाद करणारा थांबत नाहीं, तो मध्येंच बोलूं लागतो.

यांतून तत्त्वाचाच वाद उपस्थित झाला. हरवलेलें पॅकेट पुन्हा मागवावें, हा नियम पत्रास भूषण. वाणीस तो घातक, कारण हरवलेला शब्द येईपर्यंत पुढचें वाक्य अडून राहतें. एखादें अक्षर गळालें तर कान तें सावरून घेतो. कोहेन यांचा हा आग्रह रास्तच होता. १९७८ सालीं टी. सी. पी. या नियमसंचांतून केवळ वाहतुकीचें काम आय. पी. म्हणून वेगळें काढण्यांत आलें, आणि १९८० सालीं जॉन पोस्टेल यांनीं फेरमागणी न करणारा यू. डी. पी. प्रसिद्ध केला.

टाकीचें माप किती, हा प्रश्न मात्र उरलाच. जालाची गति क्षणोक्षणीं पालटते, म्हणून माप कायमचें ठरवून चालत नाहीं. शब्द चालू असतां तें बदलावें, तर आवाज तुटतो. ती संधि अखेर बोलणाऱ्यानेंच पुरविली. दोन वाक्यांमध्यें माणूस श्वास घेतो. त्या निःशब्द अवधींत यंत्र विलंब किंचित् वाढवतें वा घटवतें, आणि ऐकणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाहीं.