हत्तीच्या कडेकडेनं

डिसेंबरातली पहाट. रत्नागिरीतून गाडी निघते आणि तुम्ही घड्याळ खिशात टाकता, कारण आजची वाट दक्षिणेला जाते तशी मागेही जाते. १९१० साली बांधून झालेला थिबा राजवाडा टेकडीवर राहतो. विसावं शतकही तिथंच थांबतं. भाट्याच्या पुलावरून काजळी ओलांडता, पावस मागे पडतं. मुचकुंदीच्या मुखाशी पूर्णगडाचा तट दिसतो तेव्हा खाडीत इंजिनाची होडी उरलेली नाही. शिडं उतरवलेली गलबतं भरतीची वाट बघत नांगरून पडली आहेत. तटावरचा पहारेकरी तुमच्यावर एक नजर टाकतो आणि पुन्हा समुद्राकडे बघत बसतो.

कशेळीला पोचता तेव्हा शके १११३ चालू असतं, म्हणजे इ.स. ११९१. कोल्हापूरच्या शिलाहार भोज राजानं ताम्रपटावर दान लिहून दिलंय. त्यातून रोज बारा ब्राह्मणांचं जेवण होतं. तुम्ही तेरावे. भात, वर आमटी. आंबटपणा आमसुलाचा आहे, पण मिरची शोधू नका. ठसका लागतो तो मिऱ्याचा. जेवून बाहेर पडता तर वाटेत काजूची बाग नाही, हापूसची कलमंही नाहीत. मिरची, काजू आणि आंब्याची कलमं करायची रीत घेऊन पोर्तुगीज यायला अजून तीनशे वर्षं आहेत.

इथून पुढं वाटाड्या लागतो. तो गावातलाच आहे आणि आपल्या काळातला. करवंदीच्या जाळ्यांमधून तो तुम्हाला सड्यावर चढवतो. समोर नुसता काळा कातळ, फटींत वाळलेलं गवत, पलीकडे समुद्राची रेघ. "दादा, चपला इथंच काढा. आणि रेघेवर पाय नको, कडेनं चाला." कुठली रेघ, असं तुम्ही विचारणार, तेवढ्यात तिरप्या उन्हात एका खाचेत सावली भरलेली दिसते. मग दुसरी. "वेळेत आलात. ऊन डोक्यावर आलं की जनावर झोपतं."

जनावर म्हणजे कातळात कोरलेला हत्ती, सुमारे १८ मीटर बाय १३ मीटरचा. उभ्या जागी तो एका नजरेत मावत नाही. म्हणून तुम्ही चालता: सोंडेच्या कडेनं, पुढच्या पायांना वळसा घालून, पोटाखालून. त्याच्या अंगात लहान लहान आकृत्यांची दाटी आहे, त्यांत मासेही दिसतात. शेपटीला वळता आणि समुद्राची रेघ नाहीशी होते.

समुद्र आटलेला नाही, लांब गेलाय. दहा हजार वर्षांपूर्वी पाणी आजच्यापेक्षा बरंच खाली होतं. अभ्यासक या चित्रांची सुरुवात साधारण त्याच काळात, मध्याश्मयुगात, धरतात. पायाशी एक माणूस उकिडवा बसून दगडानं कातळ ठेचतोय. जांभ्याचं वरचं कवच काळं नि टणक, पण ते फुटलं की आतून तांबडा, ओलसर दगड निघतो. तुम्ही ज्याला सावली म्हणत होता ती रेघ इथं लालभडक आहे. काळ्या सड्यावर लाल हत्ती! तो तुमच्या हातात दगड देतो. चार घाव घालता आणि तळहात झिणझिणतो, घामात तांबडी धूळ कालवली जाते.

तो उठतो, पाठीच्या रेघेनं काही पावलं चालतो, पुन्हा बसतो. वरून बघायला जवळपास टेकाड नाही. त्याला हत्ती पुरा कधीच दिसणार नाही, तरी त्याचं पाऊल चुकत नाही. आसपास शेत नाही, गोठा नाही. कोकणातल्या या चित्रांतही शेती आढळत नाही. मग तो दगड नाकावर उभा धरतो आणि मान खाली घालून तुमच्या अंगावर धावतो. गेंडा! कोकणच्या सड्यांवर गेंड्याचीही चित्रं सापडली आहेत. गेंडे इथं होते, की ही माणसं गेंड्यांच्या मुलखातून आली? तुम्ही हातवारे करून विचारता. तो हसतो आणि कामाला लागतो.

परत येता तेव्हा दुपार झालेली असते आणि जनावर झोपलेलं. वाटाड्या पुढचं सांगतो: २०१२ पासून सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई ही चित्रं शोधत सडेच्या सडे पालथे घालत, गावकऱ्यांना विचारत फिरले, आणि २०२२ मध्ये कशेळीसह कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पण यादीत नाव आलं म्हणजे सडा राखला गेला असं नाही. आतला जांभा मऊ म्हणून हत्ती कोरता आला, आणि मऊ म्हणूनच चिरे कापता येतात. चिरेखाणीच्या यंत्राला हत्तीची पाठ आणि रिकामा कातळ यांतला फरक कळत नाही. तो जमीनमालकाला आणि गावाला कळावा लागतो.

तेव्हा वाटाड्याचे पैसे देताना घासाघीस करू नका, जेवण गावातल्याच घरी सांगा. सातबारावर ज्याला पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक जमीन म्हणतात, त्या कातळावर चालायला लोक रत्नागिरीहून येतात हे गावाला दर आठवड्याला दिसलं, तर त्याचा हिशोब चिऱ्याच्या भावानं करायची घाई कुणी करणार नाही.