ईमेल पाठवला, पण कार्यालय म्हणतं 'मिळालाच नाही'. मेसेज-आयडी अशा वेळी काय कामाचा?

'अकोल्याला पत्र टाकलं' असं कुणी म्हणालं, तर ते नेमकं कुठे गेलं? विदर्भातल्या अकोल्याला, की अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी असलेल्या अकोल्याला? मूळ नावं अकोला आणि अकोले अशी वेगळी आहेत, पण प्रत्यय लागला की दोन्ही सारखीच होतात. गावांच्या सारख्या नावांमुळे होणारा असा घोळ टाळण्यासाठीच १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. ती पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते आणि संस्कृतचे विद्वानही. अकोला शहराचा पिन ४४४००१, तर अकोलेचा ४२२६०१. (अकोले अहिल्यानगर जिल्ह्यात असलं तरी पहिले तीन अंक नाशिकचे आहेत. पिन टपालाच्या वाटेप्रमाणे ठरतो, जिल्ह्याप्रमाणे नाही.)

ईमेलमध्येही नेमका हाच घोळ होतो. 'नुकसानभरपाईबाबत अर्ज' हा विषय लिहिलेले शंभर मेल एका दिवसात येऊ शकतात. त्यातला नेमका एक ओळखायचा कसा? त्यासाठी प्रत्येक मेलला एक ओळखक्रमांक मिळतो. त्याचं नाव मेसेज-आयडी.

हा क्रमांक देतं कोण?

पिनकोड टपाल खातं ठरवतं. ईमेलचं असं एक मध्यवर्ती खातं जगात कुठेच नाही. तरीही दोन मेलचे आयडी सहसा सारखे येत नाहीत, कारण हा आयडी दोन भागांचा असतो आणि मध्ये @ हे चिन्ह असतं. उजवीकडे साधारणपणे आयडी तयार करणाऱ्या यंत्रणेचं डोमेन येतं. डोमेन दोघांचं एकच नसतं, त्यामुळे प्रत्येकाने फक्त आपल्या घरापुरती काळजी घेतली की पुरतं. डावीकडे वेळ, एखादा अनुक्रमांक आणि यादृच्छिक अक्षरं यांची सरमिसळ असते. ईमेलच्या १९८२ सालच्या आरएफसी ८२२ या मानकात हा आयडी होता आणि २००८ च्या आरएफसी ५३२२ मध्येही तो आहे.

समोरच्याने उत्तर दिलं की त्या उत्तरात मूळ मेलचा आयडी नोंदवला जातो. एका विषयावरचे मेल एकाखाली एक दिसतात, त्यामागे मुख्यतः हीच नोंद असते. सर्व्हरने अडकलेला मेल पुन्हा पाठवायचा प्रयत्न केला तर आयडी तोच राहतो. पण उत्तर येईना म्हणून तुम्ही तोच मजकूर नव्याने पाठवलात, तर तो नवा मेल आणि त्याचा आयडीही नवा. मजकूर फॉरवर्ड केल्यावरही तसंच होतं.

मग 'मिळाला नाही' याला उत्तर काय?

कागदी अर्जावरचा आवक क्रमांक घेणारा देतो, म्हणून तो पोच असतो. मेसेज-आयडी पाठवणाऱ्याच्या बाजूने तयार होतो. त्यामुळे तो असला म्हणून मेल पोहोचला असं सिद्ध होत नाही. शिवाय तो खोटाही लिहिता येतो.

त्याचा खरा उपयोग शोधासाठी आहे. मेल सर्व्हरवर आल्या-गेल्याची नोंद राहते आणि व्यवस्थापकाला आयडीवरून ती काढता येते, अर्थात नोंदी पुसल्या जाण्याआधी. 'मेल आला का बघा' असं सांगितलं तर कुणीतरी इनबॉक्स वरवर चाळतो. 'हा आयडी सर्व्हरच्या नोंदीत शोधा' असं लेखी मागितलं की टाळाटाळ करणं अवघड जातं.

कायदाही इथे महत्त्वाचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार, दोन्ही बाजूंनी वेगळं काही ठरलेलं नसेल आणि कार्यालयाने ईमेलसाठी ठरावीक पत्ता दिलेला असेल, तर मेल त्या यंत्रणेत शिरला तो क्षण मिळाल्याचा धरला जातो. कुणी तो उघडून वाचला की नाही, हा मुद्दा वेगळा.

आयडी कुठे दिसतो?

संगणकाच्या ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, 'सेंट'मधला मेल निवडा, तीन ठिपक्यांवर जाऊन 'शो ओरिजिनल' दाबा. वरच्या चौकटीत मेसेज-आयडी दिसेल. तिथूनच मूळ मेल डाउनलोडही करता येतो आणि तो स्क्रीनशॉटपेक्षा कितीतरी भक्कम ठरतो, कारण स्क्रीनशॉटमध्ये मेलचा हा आतला भाग येतच नाही. दुसऱ्याला दाखवायचा असेल तर साधा फॉरवर्ड करू नका, 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' वापरा. प्रकरण न्यायालयात गेलंच, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही नोंदवायची असते.

मुदतीचा अर्ज असेल तर मेलमध्येच शेवटी एक ओळ टाकावी: 'कृपया या अर्जाचा आवक क्रमांक उलट मेलने कळवावा.' त्या मेलला आलेल्या उत्तरात तुमच्या अर्जाचा मेसेज-आयडी असतो आणि कार्यालयाचा आवक क्रमांकही मिळतो. उत्तर आलं नाही, तर मुदत संपण्याआधी अर्जाची प्रत स्पीड पोस्टाने पाठवता येते. पावतीवर १३ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो आणि पाकीट कुठवर गेलं ते त्यावरून मोबाइलवर पाहता येतं. पाकिटावर ४२२६०१ लिहायला मात्र विसरू नका.