पुण्याजवळचा नाक जोडणारा कारागीर

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकांत आक्टोबर १७९४ मध्यें कावसजी नामक बैल हांकणाऱ्याची हकीकत छापली आहे. टिपूच्या कैदेंत त्याचें नाक व एक हात कापला गेला होता. पुण्याजवळील विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें मेणाचें नाक करून, तें कपाळावर पसरून, त्या मापाची कातडी सोडविली व भुंवयांमधील देठ राखून ती खालीं वळविली. रक्त त्या देठांतूनच पोंचे. म्हणून तो सुमारें २५ दिवसांनीं तोडला. १८१४ त कार्प्यूनें हीच रीति लंडनांत योजिली. रोग्याचें नांव राहिलें, क्रूसो व फिंडले या डाक्टरांचेंही राहिलें. कारागिराचें मात्र त्या हकीकतींत नाहीं. त्याचा माग याच जिल्ह्यांत घेतला पाहिजे. बारामती-इंदापूरकडील संग्राहकांनीं वैद्यकाचीं बाडें व इनामाचे कागद या दृष्टीनें चाळावे, अशी आमची विनंति आहे.