उन्हाळी संशोधन आणि सरोवरांचे रक्षण

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यास उन्हाळ्यात सरोवरकाठी पाठवून त्याच्याकडून संशोधन करवून घ्यावे, ही प्रथा आता अनेक विद्यापीठांत रुळली आहे. त्याने तेथे नेमके काय करावयाचे, याविषयी मात्र एके काळी तीव्र मतभेद होता. उत्तर अमेरिकेतील सरोवरांच्या रक्षणाचा इतिहास या मतभेदाशी निगडित आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

विस्कॉन्सिन विद्यापीठाचे एडवर्ड बर्ज व चान्सी जुडे यांनी १९२५ साली ट्राउट सरोवराकाठी उन्हाळी केंद्र उघडले. पुढे १९४२ पर्यंत तेथून पाचशेहून अधिक सरोवरांची पाहणी झाली. तापमान, पारदर्शकता, विरघळलेला प्राणवायू, प्लवक या साऱ्यांच्या नोंदी सहायकांनी व विद्यार्थ्यांनी चिकाटीने जमविल्या. नोंदींची रास वाढत गेली म्हणजे नियम हाती येतील, अशी या पाहणीमागची श्रद्धा होती. रास वाढली, व्यापक नियम मात्र फारसे हाती आले नाहीत. शिवाय नोंदी मुख्यतः उन्हाळ्याच्या. बर्फाखालचे सरोवर या कार्यक्रमात बसणारे नव्हते.

याच सुमारास मिनेसोटाचा तरुण संशोधक रेमंड लिंडमन एकाच लहानशा दलदली तळ्यावर वर्षानुवर्षे काम करीत होता. अन्नसाखळीच्या एका पायरीवरून दुसरीवर ऊर्जा किती पोहोचते, हा त्याचा प्रश्न. 'इकॉलॉजी' नियतकालिकाने त्याचा निबंध प्रथम नाकारला. परीक्षकांपैकी एक स्वतः जुडे होते. इतके सिद्धान्त उभारण्यास आधारसामग्री अपुरी आहे, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. हचिन्सन यांनी आग्रह धरल्यावर निबंध स्वीकारला गेला व ऑक्टोबर १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. लिंडमन त्यापूर्वीच, जून महिन्यात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी निवर्तला होता. जुडे यांस केवळ हटवादी म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. आयुष्यभर मोजमाप केलेल्या माणसाला एका तळ्यावरून काढलेला निष्कर्ष धाडसाचा वाटणारच.

विस्कॉन्सिनमध्येच पुढे आर्थर हॅसलर यांनी तिसरा मार्ग धरला. पीटर व पॉल ही मिशिगनमधील जोडतळी १९५१ साली मातीचा बांध घालून वेगळी करण्यात आली. पीटरमध्ये चुना टाकला, पॉल तसेच ठेवले. प्रयोगशाळेतील तुलनेची शिस्त अशा रीतीने संपूर्ण तळ्याला लागू झाली. या कामात हॅसलर यांचा विद्यार्थी वाल्डो जॉन्सन होता. तोच पुढे कॅनडात गेला आणि १९६८ साली वायव्य ओंटॅरिओत काही सरोवरे केवळ प्रयोगासाठी राखून ठेवण्याच्या योजनेत त्याचा मोठा वाटा होता.

सरोवरे शैवालाने गुदमरतात ती फॉस्फरसमुळे की कार्बनमुळे, हा वाद त्या वेळी ऐन भरात होता; साबणचुऱ्याच्या कारखानदारांचे हितसंबंध त्यात गुंतले होते. डेव्हिड शिंडलर व सहकाऱ्यांनी १९७३ साली २२६ क्रमांकाचे सरोवर पडद्याने दुभागले. दोन्ही भागांत कार्बन व नत्र घातले. फॉस्फरस एकाच भागात. तोच भाग हिरवा झाला. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात पडद्याच्या दोन्ही अंगांचे पाणी इतके निराळे दिसते की, आकडे वाचण्याची गरज उरत नाही.

तरीही ट्राउट सरोवराच्या वह्या निरुपयोगी ठरल्या नाहीत. आम्लपावसाने उत्तर विस्कॉन्सिनची सरोवरे बदलली काय, असा प्रश्न पुढे निघाला, तेव्हा तुलनेसाठी संशोधकांनी बर्ज-जुडे यांच्याच जुन्या नोंदी उघडल्या. दीर्घकालीन निरीक्षणाचा नवा कार्यक्रमही १९८१ साली त्याच केंद्रात सुरू झाला, आणि त्यात हिवाळ्यातील बर्फाखालच्या नोंदीही घेतल्या जाऊ लागल्या.