घरी बांधलेली मोटार : एका करातून जन्मलेल्या छंदाचा इतिहास

साहित्याच्या अध्यापकांना संहिता उलटसुलट वाचण्याची सवय असते. पण मुळातच शेवटाकडून आरंभाकडे वाचण्यासाठी लिहिलेली संहिता विरळा. अशी एक संहिता १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये होती. लोटस कंपनीची मोटार सुट्या भागांच्या रूपात विकत घेणाऱ्यास भागांसोबत काही सूचना मिळत. त्यांत गाडी जोडावी कशी हे सांगितलेले नसे. जोडलेली गाडी सोडवावी कशी, एवढेच सांगितलेले असे. करनियमांनुसार सुट्या भागांबरोबर जुळणीच्या सूचना देण्यास मनाई होती. सोडवण्याच्या सूचनांविषयी मात्र नियम मूक होते. ग्राहकाने शेवटच्या सूचनेपासून सुरुवात करून पहिल्या सूचनेपर्यंत यावे, की दारात गाडी उभी! लोटसच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाणारी ही हकीकत वाचली, तेव्हा आधी आम्हांस हसू आले आणि मग कुतूहल वाटले. ज्या समाजात कायद्याच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत एक अख्खी मोटार बसू शकते, त्या समाजाने त्या जागेचे पुढे काय केले, हे पाहावे असे वाटले. प्रस्तुत लेख हा त्या शोधाचा परिपाक.

किट कार म्हणजे कारखान्यात जुळवून न विकता भागांच्या संचाच्या रूपात विकली जाणारी आणि विकत घेणाऱ्याने स्वतः बांधायची मोटार. सांगाडा आणि अंगावरचे पत्रे संचात येतात. इंजिन, गिअरबॉक्स, आस, सुकाणूची यंत्रणा यांसारखे भाग बहुधा एखाद्या जुन्या, मोडीत निघालेल्या गाडीतून काढून घ्यावे लागतात. अशा गाडीला तिकडे 'दाता' गाडी म्हणतात. दान हा शब्द येथे चपखल आहे, कारण देणारी गाडी या व्यवहारात संपते.

या प्रथेचे मूळ युद्धोत्तर टंचाईत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला परकीय चलनाची निकड होती. नव्या मोटारी प्रामुख्याने निर्यातीसाठी बनत आणि देशातल्या ग्राहकाला वर्षानुवर्षे ताटकळावे लागे. पेट्रोलचे रेशनिंग मे १९५० पर्यंत चालू होते. त्यात युद्धकाळात, १९४० साली, लागू झालेला खरेदी कर युद्ध संपले तरी गेला नाही. ऑक्टोबर १९५५ मध्ये मोटारींवरील हा कर ६० टक्क्यांवर पोहोचला. दुसऱ्या बाजूस १९२२ ते १९३९ या काळात बनलेल्या ऑस्टिन सेव्हन नावाच्या चिमुकल्या गाड्या देशभर पडून होत्या. त्यांचे पत्रे गंजले होते, पण सांगाडा आणि इंजिन शाबूत होते. गंजलेले अंग उतरवावे, त्याजागी स्वतः ठोकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा पुढे बाजारात आलेले फायबरग्लासचे कवच चढवावे आणि हिंडावे, असा परिपाठ तरुणांत सुरू झाला. अशा गाड्यांना 'स्पेशल' म्हणत. ऑस्टिन सेव्हनच्या चाहत्यांनी १९३९ साली स्थापन केलेला सेव्हन-फिफ्टी मोटर क्लब हे या मंडळींचे विद्यापीठच होते. अनुभव, चुका आणि युक्त्या तेथे उघडपणे वाटल्या जात.

कॉलिन चॅपमन (१९२८-१९८२) याच वातावरणात घडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अभियांत्रिकी शिकत असताना त्याने एका जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून आपली पहिली गाडी बांधली, तीही प्रेयसीच्या वडिलांच्या घरामागील गॅरेजात. १९५२ साली त्याने कंपनी काढली. तिची पहिली जागा म्हणजे वडिलांच्या मद्यालयामागील जुने तबेले! १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हनने या छंदाला कायमचे रूप दिले. बारीक नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचे पत्रे, पुढे उघडी चाके, दोन माणसांपुरती जागा. दारे नाहीत, छप्पर असून नसल्यासारखे. वजन सुमारे ५०० किलो. पूर्ण बांधलेली गाडी घ्यायची तर करासह हजार पौंडांहून अधिक मोजावे लागत. तीच गाडी संचाच्या रूपात जवळपास निम्म्या किमतीत पडे. उरलेले निम्मे म्हणजे ग्राहकाने गाळलेला घाम आणि सरकारला न मिळालेला कर.

येथवरचा इतिहास अर्थशास्त्राने सहज उलगडतो. आमच्या मते खरा प्रश्न पुढचा आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये मोटारींवरील खरेदी कर २५ टक्क्यांवर आला आणि संचातली बचत आटली. १ एप्रिल १९७३ रोजी खरेदी कर रद्द होऊन मूल्यवर्धित कर आला. तो सुट्या भागांनाही लागू असल्याने ज्या फटीतून ही मोटार जन्मली ती फटच बुजली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्याला विकले. कारणच नाहीसे झाल्यावर प्रथाही नाहीशी व्हावी, हा तर्क. परंतु केटरहॅमने ती गाडी चालू ठेवली, संचाच्या रूपातही विकली आणि १९७० व १९८०च्या दशकांत संच विकणारे इतर अनेक छोटे कारखाने ब्रिटनभर निघाले. काटकसर हे कारण संपल्यावरही माणसे गॅरेजात गुडघे टेकून बसतच राहिली. का?

याचे उत्तर अशा गाडीच्या मालकीच्या स्वरूपात दडलेले आहे. आपण वस्तूचे 'मालक' असतो म्हणजे नेमके काय असतो? पावती आपल्या नावाची असते, एवढेच बहुधा. कारखान्यातून आलेली मोटार बिघडली की तिचा मालक रस्त्याकडेला अनोळखी माणसासारखा उभा असतो. घरी गाडी बांधणाऱ्याचे तसे नसते. ब्रेकची प्रत्येक नळी त्याने स्वतः वाकवून बसवलेली असते, त्यातली हवा सहचारिणीला पेडल दाबायला लावून काढलेली असते, विजेच्या तारांचे जंजाळ जेवणाच्या टेबलावर पसरून सोडवलेले असते. एखादा खडखडाट ऐकू आला तर कोणत्या बोल्टपाशी आपण कंटाळा केला होता, हे त्याला आठवते. त्याचे अज्ञानही त्याच्या ओळखीचे असते.

आपल्याकडची बैलगाडी आठवली तर हा मुद्दा परका वाटणार नाही. सुताराने तुंब्यात आरे ठोकावेत, लोहाराने धाव तापवून लाल करावी, चाकावर चढवून वर पाणी ओतावे आणि आकसणाऱ्या लोखंडाने सारे चाक आवळून धरावे, हे गाडीवानाच्या डोळ्यांदेखत घडे. गाडी त्याने स्वतः बांधलेली नसली तरी तिच्यात त्याला अगम्य असे काहीच नव्हते.

मात्र या मालकीला भाबडेपणाने गौरवण्याचे कारण नाही. अशी गाडी दुरुस्त करणे हा एक चिवट व्याप असतो. इंजिन एका कंपनीचे, सुकाणू दुसऱ्या गाडीचे, दिवे तिसऱ्याच कशाचे तरी. दुकानात गेल्यावर 'कोणत्या गाडीसाठी?' या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही. म्हणून जाणता मालक एक वही ठेवतो आणि कोणता भाग कोणत्या गाडीचा, हे तीत टिपून ठेवतो. पुढच्या मालकाला गाडीबरोबर ही वहीही द्यावी लागते, अन्यथा गाडी मुकी होते. अनेक संच तर कधी पूर्णच होत नाहीत. वर्षानुवर्षे चादरीखाली राहून शेवटी अर्धवट स्थितीत विकले जातात. चालवण्याचा अनुभवही सुखाचा म्हणता येणार नाही. बैठक जमिनीपासून वीतभर उंच, मालमोटारींची चाके डोळ्यांच्या पातळीवर, पाऊस थेट मांडीवर आणि रस्त्यातला प्रत्येक खडा मणक्यात. ज्यांना हे आवडते त्यांना नेमके हेच आवडते : मध्ये काहीही नसणे.

या परंपरेतला आम्हांस सर्वांत जवळचा वाटणारा टप्पा १९९६ सालचा आहे. त्या वर्षी रॉन चॅम्पियन या शिक्षकाचे पुस्तक हेन्स या प्रकाशनसंस्थेने काढले. अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्‌स कार बांधा, असा दावा त्याच्या नावातच होता. चॅम्पियनने संचही बाद ठरवला. चौकोनी पोलादी नळ्या आणाव्यात, मापाने कापाव्यात, वेल्डिंग करावे आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन व आस बसवावेत, अशी त्याची रीत. लोटस सेव्हनच्या वळणाच्या या गाड्यांना 'लोकॉस्ट' हे नाव पडले. परंतु दातेही अक्षय नसतात. १९८० पासूनच्या एस्कॉर्टमध्ये इंजिनाची शक्ती मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकांना मिळू लागली होती. तिचे भाग या रचनेत बसत ना. जुन्या एस्कॉर्ट दुर्मीळ झाल्या, तेव्हा बांधणारे फोर्ड सिएरा आणि मग माझदा एमएक्स-५ कडे वळले.

आता राज्यसंस्थेच्या वर्तनाकडे वळू. स्वतः बांधलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर धावणार असेल, तर तिचे सुकाणू तुटल्यास मरणारा माणूस भलताच असू शकतो. छंदाचे स्वातंत्र्य येथे संपते. ब्रिटनने यावर बंदीचा मार्ग न घेता परीक्षेचा मार्ग घेतला. १९९८ पासून अशा प्रत्येक गाडीची स्वतंत्र तपासणी होऊ लागली. २००९ मध्ये तिची जागा अधिक काटेकोर परीक्षेने घेतली. ब्रेक लावल्यावर मागची चाके आधी अडकता कामा नयेत, पट्ट्यांचे खिळे ताण सोसणारे हवेत, अंगावरच्या बाहेर आलेल्या कडा गोलसर हव्यात. गाडी हौशी माणसाने बांधली आहे, याचा पुरावा म्हणून बांधणीच्या काळातली छायाचित्रे उपयोगी पडतात. आणि जिचे वय किंवा मूळ निश्चित सांगता येत नाही अशा गाडीच्या क्रमांकपट्टीवर १९८३ पासून 'क्यू' हे अक्षर येते. जन्मतारीख ठाऊक नाही म्हणून मुलाला शाळेत नाकारायचे नाही, दाखल्यावर तसे नोंदवून वर्गात घ्यायचे, असा हा व्यवहार. आम्हांस त्यात एक प्रगल्भता दिसते.

हे सारे वाचताना मन देवराष्ट्र्यास जाऊन येते. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव सांगली जिल्ह्यात आहे. तेथल्या एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थाने भंगारातले भाग जुळवून, मोटारसायकलप्रमाणे किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले. सोबत, ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील, असेही नमूद केले. जानेवारी २०२२ मध्ये त्या कुटुंबाला त्या गाडीच्या मोबदल्यात नवी बोलेरो मिळाली. भेट उदार होती, याविषयी शंका नाही. आमचा प्रश्न भेटीविषयी नसून नियमांविषयी आहे.

आपल्याकडे वाहनाच्या नोंदणीची वाट उत्पादकाच्या नमुना-मंजुरीतून जाते. १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची 'एआरएआय' ही संस्था असे नमुने तपासते. ही व्यवस्था हजारोंनी गाड्या बनवणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली आहे. एकच गाडी बनवणाऱ्या लोहारासाठी ब्रिटनमध्ये आहे तशी स्वतंत्र, आवाक्यातली परीक्षा तीत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेतील बदलांवर निर्बंध घालते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या निर्बंधाची कठोरता अधोरेखित केली. आपल्या रस्त्यांवरील मृत्यूंची संख्या पाहता निर्बंध अनाठायी आहेत, असे कोणी म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. पण नापास होण्याची संधी आणि परीक्षेला बसण्याचीच मनाई, यांत फरक आहे. त्या कारागिराची गाडी ब्रिटिश परीक्षेत बहुधा नापासच झाली असती. मात्र नापास होताना कोठे चुकले, हे एका तज्ज्ञाने त्याला लेखी सांगितले असते. ब्रेक कमी पडले की सुकाणूचा सांधा कच्चा निघाला, हे कळल्यावर तो पुन्हा भात्यापाशी बसला असता आणि दुसऱ्या वेळी कदाचित उत्तीर्ण झाला असता.

ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या लोहार-सुतारांच्या हातांवर शेती आणि दळणवळण चालवले, त्याच समाजात त्या हातांनी केलेल्या मोटारीला परीक्षेचा हॉलही उघडा नसावा, याची खंत वाटते. अध्यापक म्हणून आम्ही वर्षाकाठी शेकडो उत्तरपत्रिका तपासतो. काही अगदीच सुमार असतात, तरी त्या तपासून परत द्याव्या लागतात. देवराष्ट्र्याच्या त्या उत्तरपत्रिकेचे कौतुक झाले, तिला बक्षीसही मिळाले. ती तपासायची मात्र राहून गेली.