कुंकवामागचा राग

भीतीचा सिनेमा म्हटलं की भूत आणि पडका वाडा डोळ्यांपुढं येतो. १९३७ सालच्या 'कुंकू'मध्ये यातलं काहीच नाही. तिथला काळोख आहे तो एका खात्यापित्या घरातला.

ही गोष्ट आपल्याच भागातून पुढं गेली. सिनेमा ज्या कादंबरीवर बेतला, त्या 'न पटणारी गोष्ट'चे लेखक नारायण हरि आपटे जन्मानं सांगलीकडच्या समडोळीचे, आणि राहिले आपल्या जिल्ह्यातल्या कोरेगावला. सिनेमा काढला 'प्रभात'नं, दिग्दर्शक व्ही. शांताराम.

नीरा पोरकी मुलगी. मामा पैसे घेऊन तिला काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधतो. १९२९च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय १४ ठरवलं होतं. नवऱ्याच्या म्हातारपणाला मात्र हद्द नव्हती. नीरा रडत बसत नाही. 'हा माझा नवरा नव्हे' म्हणून ताठ उभी राहते. शांता आपटे यांच्या डोळ्यांतला तो राग आजही अंगावर काटा आणतो.

या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे ऐकू येतात. म्हणून त्या घरातला अबोला जास्तच टोचतो. भिंतीवर जुनं घड्याळ असतं, काकासाहेबांसारखंच थकलेलं. एकदा फुटक्या आरशाच्या तुकड्यातुकड्यांत त्यांना स्वतःचाच चेहरा हिणवताना दिसतो. केशवराव दाते यांनी केलेला हा म्हातारा आपल्याला नुसता दुष्ट वाटत नाही. त्याची लाज बघून पोटात कालवतं.

गंमत अशी, की त्याच वर्षी अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांचा 'स्नो व्हाइट' हा चित्रांचा सिनेमा आला. त्यातली राणीही आरशापुढं उभी राहते. आपल्याहून सुंदर कुणी आहे, हे आरसा सांगतो आणि ती चेटकीण होऊन पोरीच्या जिवावर उठते. राणीला आरशातलं खरं सोसवत नाही; काकासाहेबांना ते पटतं.

शेवटी काकासाहेब नीराला दुसरं लग्न करायला सांगणारी चिठ्ठी लिहून जीव देतात. मला हा शेवट खुपतो. चूक कळायला आणि पोर सुटायला एक मरण का लागावं?

आज मुलीच्या लग्नाचं वय १८ आहे. तरी मुलीला न विचारता सुपारी फुटतेच. पुढच्या बैठकीत हा विषय काढा. नीराचा 'नाही' लग्नानंतर आला. आपल्या लेकीचा 'नाही' आधीच ऐकूया.